किरण, सागर आणि जीवपेशी

सजीवाच्या अंतरंगात चालणारे व्यापार भौतिक नियमांच्या अंमलाबाहेर नाहीत, आणि तरीही केवळ ते नियम ठाऊक असल्याने सजीवाचे रहस्य उलगडत नाही, या दुहेरी जाणिवेतून जीवभौतिकी या शास्त्राचा उदय झाला. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा तेथे बल कार्य करीत असते, मज्जातंतूतून संदेश धावतो तेव्हा तेथे विद्युद्भार स्थलांतर करीत असतात, डोळ्याच्या मागील पटलावर प्रकाश पडतो तेव्हा तेथे ऊर्जेचे रूपांतर होत असते. या सर्वांचे मापन पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकाला करता येते, परंतु त्यांपैकी कोणते मापन अर्थपूर्ण आहे हे त्याला जीवशास्त्रज्ञाकडूनच समजून घ्यावे लागते, आणि ज्या रेणूंच्या द्वारे हे सारे घडते त्यांची ओळख रसायनशास्त्रज्ञावाचून पटत नाही. म्हणून जीवभौतिकीच्या एखाद्या प्रयोगशाळेचा परिचय करून द्यावयाचा झाल्यास तेथील उपकरणांची यादी देण्यापेक्षा तेथे एकत्र आलेल्या माणसांच्या जिज्ञासांचा परिचय करून देणे अधिक उचित होय. या प्रकरणात तसा परिचय करून देताना आपण पालघर जिल्ह्यातील तारापूर-बोईसरच्या किनाऱ्यावर येऊन थांबणार आहोत. कारण किरणोत्सार आणि सजीव यांच्या परस्परसंबंधाचा प्रश्न महाराष्ट्रात जितक्या प्रत्यक्षपणे त्या किनाऱ्यावर उभा राहिला, तितका तो अन्यत्र क्वचितच राहिला असेल.

निरनिराळ्या वाटांनी आलेली माणसे

विद्यापीठीय जीवभौतिकीचा विषय निघाला की लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील प्रयोगशाळेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर जॉन रँडल यांनी तेथे जीवभौतिकीचे संशोधन-केंद्र उभे केले. हेच रँडल युद्धकाळात, १९४० मध्ये, रडारला अत्यावश्यक ठरलेल्या मॅग्नेट्रॉन या उपकरणाचे एक शिल्पकार होते. त्यांच्याबरोबर आलेले मॉरिस विल्किन्स अमेरिकेतील अणुबॉम्बच्या प्रकल्पात युरेनियमचे समस्थानिक विलग करण्याच्या कामावर होते. रोझालिंड फ्रँकलिन यांनी कोळसा आणि कार्बन यांच्या अंतर्रचनेचा अभ्यास करून क्ष-किरणांच्या साहाय्याने पदार्थाची घडण वाचण्याचे असामान्य कौशल्य संपादन केले होते. आणि जीन हॅन्सन या प्राणिशास्त्राच्या अभ्यासक असून त्यांचे सारे लक्ष स्नायूच्या तंतूंवर खिळलेले होते. एकाचा ओढा यंत्रांकडे, दुसऱ्याचा रेणूंकडे, तिसऱ्याचा ऊतींकडे; पण या भिन्न ओढींचा संगम झाला तेव्हाच मे १९५२ मध्ये फ्रँकलिन यांच्या मार्गदर्शनाखाली रेमंड गॉस्लिंग या विद्यार्थ्याने घेतलेले डीएनएचे ते सुप्रसिद्ध क्ष-किरण छायाचित्र हाती आले, ज्याचा पुढील वर्षी दुहेरी सर्पिलाची रचना निश्चित करण्यात मोठा वाटा ठरला; आणि स्नायूतील तंतू आखडत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात, हा सिद्धांत ज्यांनी १९५४ मध्ये मांडला त्यांत ह्यू हक्स्ली यांच्याबरोबर हॅन्सन याही होत्या.

मुंबईतही याच सुमारास असा एक मेळावा जमत होता. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९४१ पासून विकृतिशास्त्राची धुरा वाहणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या प्रेरणेने १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. खानोलकर स्वतः विकृतिशास्त्रज्ञ; परंतु रोगग्रस्त ऊतीचे निदान करून न थांबता पेशी बिघडते म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न विचारण्यासाठी त्यांनी आपल्याभोवती भिन्न रुचींची माणसे जमविली. पुण्यात १९१७ मध्ये जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ऊतिसंवर्धनाचे तंत्र आत्मसात करून ते मुंबईत आणले, आणि शरीराबाहेर, काचपात्रात वाढणाऱ्या पेशींच्या साहाय्याने स्तनाच्या कर्करोगाचा माग काढण्याचे व्रत घेतले. तर सत्यवती शिरसाट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची कास धरून, साध्या भिंगाला कधीही न दिसणारे पेशीचे सूक्ष्म अंतरंग वैद्यकीय संशोधनाच्या सेवेला जुंपले. एकीला पेशी जिवंत हवी होती, दुसरीला ती अतिसूक्ष्म छेदांच्या रूपात स्थिर झालेली हवी होती. आणि दोघींच्या निष्कर्षांचा मेळ घातल्याखेरीज खानोलकरांच्या मूळ प्रश्नाला उत्तर मिळणे शक्य नव्हते.

याच मुंबईत होमी भाभांनी १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि १९५४ मध्ये तुर्भे येथे अणुऊर्जा आस्थापना उभी केली. भाभा पदार्थवैज्ञानिक होते, तथापि जीवशास्त्राला आपल्या घरात स्थान देण्याची त्यांची दृष्टी उदार होती. पदार्थविज्ञानातून जीवशास्त्राकडे वळलेले लिओ झिलार्ड यांनी ओबैद सिद्दिकी या तरुण आनुवंशिकीतज्ज्ञाची शिफारस भाभांकडे केली, आणि १९६२ मध्ये सिद्दिकींनी त्या संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राच्या विभागाचा पाया घातला. तुर्भ्याला डॉ. ए. आर. गोपाल-अय्यंगार यांच्या नेतृत्वाखाली किरणोत्साराचा वनस्पती, प्राणी आणि मानव यांवर होणारा परिणाम अभ्यासिला जाऊ लागला. अणुचाचण्यांच्या धुराळ्याने सारे जग चिंतित झाले असताना संयुक्त राष्ट्रांनी १९५५ मध्ये किरणोत्साराच्या परिणामांविषयी जी वैज्ञानिक समिती नेमली, तिच्या १५ संस्थापक सदस्य-राष्ट्रांत भारताचा समावेश होता, ही गोष्ट येथे मुद्दाम नमूद करावीशी वाटते.

कारखान्यापूर्वी मोजमाप

पश्चिम रेल्वेच्या बोईसर स्थानकावरून पश्चिमेकडे निघाले की चिंचणी-तारापूरचा मुलूख लागतो. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत, १७३९ मध्ये, मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला किल्ला, मांगेला, वैती आणि कोळी समाजांची मासेमारीची गावे, वाड्यांतील नारळी-केळी, आणि आत डोंगराच्या बाजूला वारली, मल्हार कोळी, कातकरी यांचे पाडे, असा हा प्रदेश तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात मोडत असे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. येथील समुद्रकाठी अमेरिकन सहकार्याने भारतातील पहिले अणुविद्युत केंद्र उभारण्यात आले आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये त्याच्या दोन उत्कलन-जल अणुभट्ट्यांनी वीज देण्यास रीतसर प्रारंभ केला. पुढे त्याच परिसरात प्रत्येकी ५४० मेगावॉट क्षमतेच्या, सर्वस्वी भारतीय आराखड्याच्या दोन जडजल अणुभट्ट्या २००५ आणि २००६ मध्ये कार्यान्वित झाल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांतील कुटुंबांना आपली घरे आणि आपला समुद्र सोडावा लागला. शास्त्राच्या इतिहासात या त्यागाची नोंद ठेवणे हे शास्त्राचेच कर्तव्य आहे.

येथे जीवभौतिकीच्या दृष्टीने अत्यंत मोलाची गोष्ट अशी की, पर्यावरणाची पाहणी करणारी प्रयोगशाळा केंद्रातून वीज निघण्यापूर्वीच कामाला लागली. ही प्रयोगशाळा वीजनिर्मिती करणाऱ्या महामंडळाच्या अखत्यारीत नसून भाभा अणुसंशोधन केंद्राच्या अखत्यारीत असते. आणि सुमारे ३० किलोमीटरच्या परिघातील हवा, पाणी, माती, दूध, भाजीपाला, मासळी यांचे नमुने घेऊन त्यांतील किरणोत्साराची नोंद ठेवणे हे तिचे नियत काम होय.

केंद्र सुरू होण्यापूर्वीची ही नोंद इतकी महत्त्वाची का? १९५० ते १९६३ या काळात वातावरणात झालेल्या अणुचाचण्यांमुळे सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० ही द्रव्ये साऱ्या पृथ्वीवर पसरलेली होती. तारापूरच्या मातीतही ती असणारच. अशा वेळी अणुभट्टी सुरू झाल्यानंतर प्रथमच मातीची परीक्षा केली आणि तीत सीझियम आढळले, तर ते वाळवंटातील एखाद्या जुन्या स्फोटाचे की शेजारच्या भट्टीचे, हा वाद मिटविण्यास आधार उरला नसता. आधीची नोंद हा अशा वादातील पहिला पुरावा. दुसरा पुरावा निसर्गानेच पुरविलेला आहे: अणुभट्टीतील सीझियमबरोबर सीझियम-१३४ हे त्याचे भावंडही असते, आणि त्याचे अर्धायुष्य केवळ २ वर्षांच्या आसपास असल्यामुळे जुन्या चाचण्यांच्या राखेत ते शिल्लक राहत नाही. तेव्हा दोन्ही सीझियम सोबत सापडले की उगम अलीकडचा, एकटे सीझियम-१३७ सापडले की तो बहुधा जुना, असा निवाडा करता येतो. ज्या कामात जनतेचा विश्वास पणाला लागलेला असतो, त्या कामात आधी मोजणे आणि मग बोलणे हा क्रम केवळ तांत्रिक शिस्तीचा नाही, तो नीतीचाही आहे.

एकाच नमुन्याला विचारलेले चार प्रश्न

अशा प्रयोगशाळेत घिवलीच्या किंवा दांडीच्या किनाऱ्यावरील एखादा नमुना, समजा कालवांची एक टोपली, येऊन पोहोचली की तिच्याभोवती निरनिराळ्या विषयांचे अभ्यासक कसे जमतात, हे पाहण्याजोगे असते.

पहिला येतो पदार्थविज्ञानाचा अभ्यासक. त्याची आस्था ऊर्जेच्या रेषांत गुंतलेली असते. शिशाच्या जाड भिंतींच्या आड, द्रवरूप नायट्रोजनने उणे १९६ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केलेल्या शुद्ध जर्मेनियमच्या स्फटिकासमोर तो नमुना ठेवतो. आणि कित्येक तास मोजणी झाल्यावर पडद्यावर जी शिखरे उमटतात त्यांच्या स्थानांवरून द्रव्यांची ओळख पटते. ६६२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला शिखर दिसले तर सीझियम-१३७. ११७३ आणि १३३२ ला जोडशिखर दिसले तर कोबाल्ट-६०. आणि १४६१ ला दिसले तर पोटॅशियम-४०, जे कोणत्याही अणुभट्टीतून आलेले नसून पृथ्वीच्या जन्मापासून प्रत्येक सजीवात वास करून आहे.

दुसरा येतो रसायनशास्त्राचा अभ्यासक. गॅमा किरण न सोडणारी द्रव्ये पहिल्याच्या स्फटिकाला दिसत नाहीत. ती हुडकून काढणे हे याचे काम. स्ट्रॉन्शियम-९० केवळ बीटा कण सोडतो, म्हणून नमुन्याची राख करून, तीतून कॅल्शियमच्या प्रचंड गर्दीत मिसळलेला स्ट्रॉन्शियम वेगळा काढून, त्यापासून उपजणारे यिट्रियम-९० पुरेसे जमेपर्यंत सुमारे दोन आठवडे थांबून मग मोजणी करावी लागते. जडजल अणुभट्ट्या आल्यापासून याच्या कामात ट्रिटियमची भर पडली. जडजलावर न्यूट्रॉनांचा मारा होऊन निर्माण होणारा हा जड हायड्रोजन पाण्याच्या रेणूतच सामावतो. त्याचे बीटा कण इतके दुर्बल असतात की ते त्वचेचा निर्जीव थरही भेदू शकत नाहीत, आणि म्हणून पाण्याचा नमुना एका प्रकाशमान होणाऱ्या द्रवात मिसळून त्यात उमटणाऱ्या क्षीण चमका मोजाव्या लागतात.

तिसरा येतो हवामानाचा आणि पाण्याच्या प्रवाहांचा जाणकार. दिवसा समुद्राकडून आणि रात्री जमिनीकडून वाहणारा वारा, नैर्ऋत्य मोसमातील वादळी हवा, खंबायतच्या आखाताकडे जाताना वाढत जाणारी भरती-ओहोटी, उधाणाच्या दिवशी आणि भांगाच्या दिवशी पाण्याच्या वेगात पडणारे अंतर, यांच्या आधारे तो सांगतो की केंद्रातून सोडलेले पाणी किती वेळात, किती पसरेल. आणि चौथा येतो जीवशास्त्राचा अभ्यासक, ज्याच्यासाठी ही सारी मोजमापे हा प्रश्नाचा आरंभ असतो. कारण समुद्रात किती आहे याहून सजीवात किती शिरते आणि तेथे किती काळ राहते, हे त्याला जाणून घ्यावयाचे असते.

पेशीचे द्वार

या चौथ्या अभ्यासकाच्या प्रश्नात जीवभौतिकीचे हृदय आहे, म्हणून येथे क्षणभर विसावून पाहू. सजीवाला किरणोत्साराची जाणीव नसते. त्याला फक्त रासायनिक स्वभाव कळतो. थायरॉइड ग्रंथीला आयोडीन हवे असते, मग ते स्थिर असो वा किरणोत्सारी. अस्थीला कॅल्शियम हवे असते, आणि त्याच्या कुळातील स्ट्रॉन्शियमही ती आत घेते. पेशीला पोटॅशियम हवे असते, आणि त्याच्याच कुळातील सीझियम त्याच्या मागोमाग आत शिरते.

पेशीच्या पटलात पोटॅशियमसाठी जी द्वारे असतात ती निसर्गाच्या सूक्ष्म कारागिरीचा उत्कृष्ट नमुना होत. सोडियमचा आयन पोटॅशियमच्या आयनाहून लहान. तरीही ही द्वारे पोटॅशियमला सोडियमच्या सहस्रपट सहजतेने आत सोडतात. मोठा जातो आणि लहान अडतो, हे कोडे रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये त्या प्रथिनाची रचना क्ष-किरणांनी उलगडून सोडविले, आणि २००३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. आयन पाण्यात असताना त्याच्याभोवती पाण्याच्या रेणूंचे वेष्टन असते. द्वारातून जाताना ते उतरवावे लागते आणि त्यासाठी ऊर्जा खर्ची पडते. द्वाराच्या भिंतींवरील ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर मांडलेले असतात की पोटॅशियमला त्यांच्यात आपल्या वेष्टनाची तंतोतंत भरपाई मिळते, परंतु लहानग्या सोडियमला त्या भिंती दूर पडतात आणि त्याचा व्यवहार तोट्याचा ठरतो.

याच आयनांच्या स्पर्धेवर तारापूरच्या मासळीचे भवितव्य अवलंबून असते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ०.३९ ग्रॅम पोटॅशियम असते. या विपुलतेमुळे सीझियमला माशाच्या शरीरात प्रवेश मिळविताना मोठ्या गर्दीतून वाट काढावी लागते. गोड्या पाण्यातील माशाच्या मांसात सीझियमचे प्रमाण भोवतालच्या पाण्याच्या हजारो पट होऊ शकते. सागरी माशांसाठी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २००४ मध्ये सुचविलेला सर्वसाधारण गुणक केवळ १०० च्या आसपास आहे. मात्र कोबाल्टची कथा निराळी. शिंपल्यांच्या वर्गातील प्राण्यांसाठी त्याचा गुणक २०,००० च्या घरात जातो. कारण तिसऱ्या आणि कालवे एका जागी राहून पाणी गाळून अन्न मिळवितात आणि त्या गाळलेल्या कणांवर चिकटून आलेले धातू साठवितात. म्हणूनच जीवशास्त्रज्ञ पापलेटापेक्षा कालवांकडे अधिक आशेने पाहतो: पापलेट दूरदूर भ्रमण करतो, कालव मात्र आपल्या खडकावर बसून महिनोन्‌महिने त्या एका जागेचे रोजनामे लिहीत असतो.

शरीरात शिरलेले द्रव्य तेथे चिरकाल राहतेच असे नाही, आणि येथे पदार्थवैज्ञानिक आणि जीवशास्त्रज्ञ यांचे गणित एका सूत्रात बांधले जाते. सीझियम-१३७ चे स्वतःचे अर्धायुष्य ३० वर्षांचे. पण प्रौढ मानवी शरीर त्यातील अर्धा भाग साधारण १०० दिवसांत उत्सर्जित करते, म्हणून शरीरातील त्याचे प्रभावी अर्धायुष्य १०० दिवसांच्या किंचित खालीच येते. आयोडीन-१३१ च्या बाबतीत हाच हिशेब उलटा फिरतो: थायरॉइड ग्रंथी त्याला ८० दिवसांच्या हिशेबाने धरून ठेवते, परंतु ते स्वतःच ८ दिवसांत अर्धे होते, तेव्हा प्रभावी अर्धायुष्य सव्वासात दिवसांचे राहते. एका द्रव्याच्या बाबतीत शरीर निसर्गाच्या पुढे धावते, दुसऱ्याच्या बाबतीत निसर्ग शरीराच्या पुढे. आणि धोक्याचे खरे मोजमाप या दोन्ही गती जाणल्यावाचून होत नाही.

आघात आणि दुरुस्ती

किरण पेशीला इजा करतो ती कशी? पेशीचा बहुतांश भाग पाण्याचा असल्याने किरणाची ऊर्जा प्रथम पाण्यालाच भोगावी लागते. पाण्याचा रेणू फुटून हायड्रॉक्सिल मूलक नावाचा अतिशय क्रियाशील अंश जन्मतो, आणि जवळच डीएनए असेल तर तो त्याच्यावर झडप घालतो. कधी किरण डीएनएवर थेटही आदळतो. एक ग्रे इतकी मात्रा मिळाली तर एका पेशीत डीएनएच्या एकेका धाग्याचे सुमारे हजार आणि दोन्ही धाग्यांचे तीस-चाळीस छेद होतात. ही मात्रा फार मोठी आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे; निसर्गाकडून मनुष्याला वर्षभरात सरासरीने मिळणारी मात्रा २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे तिच्या सुमारे चारशेव्या हिश्श्याएवढी असते. एकेरी छेद पेशी सहज सांधते, कारण दुसरा धागा नमुना म्हणून शाबूत असतो. दुहेरी छेद सांधताना मात्र चूक होण्याची भीती अधिक, आणि अशा चुकीतून कधी कधी दोन गुणसूत्रे आपापली टोके गमावून एकमेकांना जोडली जातात.

हे दोन मध्यबिंदूंचे विकृत गुणसूत्र हीच किरणोत्साराची एक विश्वसनीय खूण ठरली. संशयित व्यक्तीच्या रक्तातील लसिकापेशी सुमारे ४८ तास वाढवून, विभाजनाच्या नेमक्या क्षणी थांबवून, शेकडो-हजारो पेशी एकेक करून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या जातात. निरोगी, किरणोत्साराशी संबंध न आलेल्या माणसात अशी विकृती हजार पेशींमागे एखादीच दिसते, आणि तिची संख्या वाढलेली आढळली तर त्यावरून मिळालेल्या मात्रेचा अंदाज बांधता येतो. ज्या कामगाराच्या छातीवर मात्रामापक बिल्ला नव्हता त्याच्या बाबतीत त्याचे स्वतःचे रक्तच साक्ष देते. बिल्ला असेल तर साक्ष देतो एक स्फटिक: भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झालेल्या बिल्ल्यातील डिस्प्रोसियमयुक्त कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या किरणांची ऊर्जा इलेक्ट्रॉनांच्या रूपाने आपल्या स्फटिकातील सापळ्यांत अडकवून ठेवतात, आणि तापविल्या की ती प्रकाशाच्या रूपाने परत देतात, त्या प्रकाशावरून मात्रेचा हिशेब कामगाराच्या दप्तरी नोंदविला जातो.

मर्यादा कोणाच्या आहारावरून ठरते

आता या साऱ्या मोजमापांचे अंतिम प्रयोजन पाहू. अणुउद्योगामुळे सामान्य नागरिकाला मिळणारी मात्रा नैसर्गिक मात्रेखेरीज वर्षाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा अधिक असू नये, असा दंडक आहे. पण 'सामान्य नागरिक' म्हणजे कोण? बोईसरच्या गृहनिर्माण वसाहतीत राहणारा, आठवड्यातून एकदा मासे खाणारा कारकून, की रोज भाकरीबरोबर कालवण आणि सुके बोंबील खाणारे मांगेला कुटुंब? किरणसंरक्षणाच्या शास्त्राने या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्धपणे दिले आहे: आपल्या सवयींमुळे ज्यांना सर्वाधिक मात्रा मिळण्याचा संभव आहे अशा लोकांना प्रातिनिधिक मानून मर्यादेचा हिशेब करावा. म्हणजे घरात महिन्याला किती मासळी शिजते, पावसाळ्यासाठी किती सुकविली जाते, लहान मुले वर्षाच्या कोणत्या काळात शिंपल्या खातात, ही माहिती शास्त्रीय माहिती ठरते, आणि ती ज्या गृहिणीला ठाऊक आहे ती या संशोधनाची खऱ्या अर्थाने भागीदार ठरते.

येथे प्रमाणाचे भान राखणेही आवश्यक आहे. प्रौढ मनुष्याच्या शरीरातील सुमारे १४० ग्रॅम पोटॅशियममध्ये दर सेकंदाला चार हजारांहून अधिक अणूंचे विघटन होत असते. समुद्राच्या प्रत्येक लिटरमध्ये याच कारणाने सेकंदाला सुमारे १२ विघटने होतात. आणि मासळी खाणाऱ्यांना तिच्यातून जी नैसर्गिक मात्रा मिळते तिचा मोठा हिस्सा युरेनियमच्या वंशातील पोलोनियम-२१० या द्रव्याचा असतो, ज्याचा अणुभट्टीशी काही संबंध नाही. किरणोत्सार हा शब्द ऐकताच घाबरून जाणे जितके अशास्त्रीय, तितकेच 'निसर्गातही तो आहेच' असे म्हणून मोजमापाला फाटा देणेही अशास्त्रीय होय. भीती आणि बेफिकिरी या दोहोंवर एकच उतारा आहे, आणि तो म्हणजे सर्वांना वाचता येईल अशी, सतत चालू असलेली नोंद.

हे सूत्र केवळ अणुभट्टीपुरते नाही. तारापूरची औद्योगिक वसाहत रसायने, औषधे आणि रंग यांच्या कारखान्यांनी गजबजलेली आहे, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची जी क्रमवारी लावली तीत तारापूर सर्वांत वर होते. किरणोत्साराच्या बाबतीत जी आधी मोजण्याची, उगम ओळखण्याची आणि सर्वाधिक झळ पोहोचणाऱ्याच्या आहारावरून मर्यादा ठरविण्याची शिस्त विकसित झाली, तीच शिस्त पारा, क्रोमियम आणि सेंद्रिय द्रावके यांच्या बाबतीत त्याच किनाऱ्यावर तितक्याच निष्ठेने चालविली गेली पाहिजे. कालव ज्या पाण्यातून कोबाल्ट टिपतो, त्याच पाण्यातून तो जस्त आणि कॅडमियमही टिपतो. त्याच्या रोजनाम्यातील एक पान वाचून बाकीची मिटून ठेवण्याचे कारण नाही.

आणि हे काम करणारी माणसे कोठून येतील? भाभा अणुसंशोधन केंद्रासारख्या संस्था २००५ पासून होमी भाभा राष्ट्रीय संस्था या अभिमत विद्यापीठाच्या छत्राखाली पदव्या देतात. मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग यांनी कालिना येथे २००७ मध्ये मूलभूत विज्ञानाचे संयुक्त केंद्र उघडले. आणि पालघरचे सोनोपंत दांडेकर महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशीच संलग्न आहे. वाट आहे. जो विद्यार्थी सातपाटीच्या बंदरावर वाढला, ज्याला उधाण आणि भांग यांतील भेद पाठ्यपुस्तकापूर्वी ठाऊक झाला, ज्याच्या आजीला कोणत्या खडकावरचे कालव केव्हा भरतात हे सांगता येते, तो जेव्हा जर्मेनियमच्या स्फटिकासमोर बसेल तेव्हा तो रिकाम्या हाताने आलेला नसेल. त्याच्याजवळ असा एक प्रश्न असेल जो बाहेरून आलेल्या विद्वानाला सहसा सुचत नाही. रँडल यांना रडारतज्ज्ञ आणि प्राणिशास्त्रज्ञ एकत्र आणल्यामुळे जे साधले, खानोलकरांना काचपात्र आणि सूक्ष्मदर्शक एकत्र आणल्यामुळे जे साधले, ते तारापूरच्या किनाऱ्यावर साधावयाचे असेल तर प्रयोगशाळेच्या हजेरीपटावर या किनाऱ्याच्या मुलामुलींची नावे असली पाहिजेत, आणि तिच्या नोंदी त्यांच्या आईवडिलांना समजतील अशा मराठीत प्रत्येक ग्रामपंचायतीच्या दप्तरी पोहोचल्या पाहिजेत.